पुण्यात पिच झाडणारा पोरगा देशाचा सगळ्यात मोठा बॉलर झाला, पण त्याला कॅप्टन कधीच केलं नाही

क्रिकेटच्या नियमांचं पुस्तक उघडून बघा. बॉल किती वजनाचा असावा, स्टंप किती उंच असावेत, नो बॉल कशाला म्हणायचं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. कॅप्टन कोणाला करायचं हे मात्र त्यात नाही. तो निर्णय ज्याच्या त्याच्या टीमचा आणि तिच्या कमिटीचा असतो.

नियमात सोडलेली ही मोकळी जागा एका माणसाच्या आयुष्यात कायम आडवी आली. त्याचं नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जगात पी. बाळू म्हणून ओळखला जाणारा हा डावखुरा स्पिनर भारताचा पहिला मोठा बॉलर मानला जातो. त्याने इंग्लंडमध्ये जाऊन काउंटी टीमच्या दांड्या उडवल्या आणि मुंबईत साहेबांना हरवलं. तरी ज्या हिंदू टीमसाठी तो वर्षानुवर्षं विकेट काढत होता, तिचा कॅप्टन तो कधीच झाला नाही. कारण एकच होतं. बाळू चर्मकार समाजातले होते आणि त्या काळच्या समाजाने या समाजाला अस्पृश्य ठरवलं होतं.

ही गोष्ट सुरू होते पुण्यात.

लष्करातल्या जुन्या बॅट आणि बॉल

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते आणि त्या नोकरीमुळे घर पुण्यात आलं. ब्रिटिशांच्या दृष्टीने पुणे तेव्हा लष्कराचं मोठं ठाणं होतं. एकीकडे पेठांचं पुणे आणि दुसरीकडे कॅम्प व खडकीचं साहेबी पुणे, अशी शहराची सरळ विभागणी होती. कॅम्पातल्या मैदानांवर गोरे अधिकारी क्रिकेट खेळायचे. त्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि बॉल घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही याच वाटेने आले.

घरची परिस्थिती बेताची होती. शाळा अर्ध्यात सुटली आणि बाळूला काम शोधावं लागलं. पहिलं काम मिळालं पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये. पिच झाडायची, रोलर फिरवायचा आणि मेंबरांना हवं असेल तेव्हा चार बॉल टाकायचे. पगार महिन्याला तीन रुपये.

बॉलिंग कर, बॅटला हात लावू नको

१८९२ च्या सुमारास बाळू पूना क्लबमध्ये कामाला लागला. हा युरोपियनांचा क्लब होता. इथे पगार एक रुपयाने वाढला, पण काम तसंच राहिलं. पिचवर रोलर फिरवणं, चुन्याच्या रेषा आखणं, नेट बांधणं हे सगळं त्याच्याकडे असायचं. वय असेल सोळा-सतरा.

नेटमध्ये बॅटिंगचा सराव करायला साहेब लोकांना बॉल टाकणारं कोणीतरी लागायचं. हे काम बाळूवर आलं आणि तिथेच त्याच्या डाव्या हाताची कमाल सगळ्यांच्या लक्षात आली. त्याचा बॉल हळू यायचा, पण टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा अंदाज लागायचा नाही. एकाच ॲक्शनमध्ये तो वेग आणि उंची बदलायचा.

क्लबमधला सगळ्यात चांगला बॅट्समन होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. त्याचं पूर्ण नाव जॉन ग्लेनी ग्रेग. त्या नावाच्या उच्चारावरून लोकांनी त्याला जंगली ग्रेग करून टाकलं होतं. तो इंग्लंडमध्ये हॅम्पशायर काउंटीकडून खेळायचा आणि पुढे आयुष्यात कॅथलिक पाद्री झाला. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि तासभर फक्त बाळूच्या बॉलिंगवर सराव करायचा. बाळूने त्याला आउट केलं की दर वेळी तो आठ आणे द्यायचा, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा खरा धरला तर महिन्यातून आठ वेळा ग्रेगला आउट केलं की बाळूचा पगार दुप्पट व्हायचा.

पण या क्लबमध्ये बाळूने शेकडो तास बॉलिंग केली असेल, तरी त्याच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. बॅटिंग हा साहेबांचा मान आणि बॉलिंग हे नोकराचं काम, अशी तिथली समजूत होती. ही पद्धत फक्त पुण्यातली नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये पैसे न घेता खेळणारे सभ्य गृहस्थ आणि मजुरीवर खेळणारे प्रोफेशनल असे दोन वर्ग होते. बहुतेक बॉलर दुसऱ्या वर्गातले असायचे. लॉर्ड्सच्या मैदानात उतरायला दोघांची गेटही वेगळी होती. पुण्यात या भेदावर रंगाचा आणि जातीचा असे आणखी दोन थर चढले.

हिंदू क्लबसमोरचा पेच

त्याच काळात पुण्यातल्या हिंदूंनीही स्वतःचा क्रिकेट क्लब काढला होता. त्यांना एकच इच्छा होती, पूना क्लबच्या गोऱ्या टीमला हरवायचं. आणि ज्या बॉलरसमोर ती गोरी टीम रोज चाचपडत होती, तो याच शहरात होता आणि हिंदू होता.

मग अडचण काय होती? अडचण ही की हिंदू क्लबमधले अनेक खेळाडू ब्राह्मण होते. बाळूसोबत खेळायचं म्हणजे त्याने हाताळलेला बॉल हाताळायचा, त्याच्या शेजारी उभं राहायचं. क्लबमध्ये यावरून दोन तट पडले. काही जणांचा ठाम विरोध होता. काही जण म्हणत होते की जिंकायचं असेल तर बाळू हवाच. यात ग्रेगनेही आपलं मत जाहीर केलं. असा बॉलर हाताशी असताना त्याला बाहेर ठेवणं हा मूर्खपणा होईल, असं त्याचं म्हणणं होतं. ज्या टीमला हरवायचं होतं, तिचाच मुख्य बॅट्समन हे सांगत होता.

शेवटी बाळूला टीममध्ये घेतलं. हिंदूंनी पुण्याच्या युरोपियन टीमला हरवलंही. पण टीममध्ये घेतलं याचा अर्थ बरोबरीने घेतलं असा नव्हता.

मैदानावर सगळे एकच बॉल हातात घ्यायचे. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायचे. बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायला त्याचं ताट वेगळं आणि टेबलही वेगळं. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर क्लबमधला एखादा दलित नोकरच ते आणून द्यायचा.

आता क्रिकेटच्या नियमांनी बघितलं तर इथे काहीच चुकलेलं नव्हतं. अकरा खेळाडू होते, दोन अंपायर होते, निकाल लागला होता. अन्याय झाला तो दोन सेशनच्या मधल्या वेळेत आणि नियमांचं पुस्तक त्या वेळेबद्दल गप्प होतं.

साताऱ्याचं आठवडाभर फिरवलेलं पिच

हिंदू टीमची एक मॅच साताऱ्याला ठरली. समोर तिथल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जिमखान्याची टीम होती. बाळूची ख्याती तिथे पोचली होती. त्यामुळे जिमखान्याने आपल्या माणसांना सांगून ठेवलं की मॅचच्या आधी आठवडाभर पिचवर रोलर फिरवत राहा.

यामागचं गणित असं. स्पिनरला पिच थोडं भुसभुशीत हवं असतं. पृष्ठभागाला जितके खळगे आणि भेगा, तितका बॉल पकड घेतो आणि वळतो. जड रोलर पुन्हापुन्हा फिरवला की माती दाबली जाते, पिच टणक आणि सपाट होतं. मग हळू येणारा बॉल वळायचं सोडून सरळ बॅटवर येतो.

ही चिटिंग होती का? नियमाने नव्हती. मॅच सुरू झाल्यावर रोलर कधी आणि किती फिरवायचा यावर नियमांचं बंधन असतं. मॅचच्या आधी पिच कसं तयार करायचं हे यजमानाच्या हातात असतं. आजही एखाद्या देशात टेस्ट मॅच असली की पाहुण्या टीमचे फास्ट बॉलर किंवा स्पिनर बघून पिच बनवल्याचे आरोप होतातच. साताऱ्याच्या जिमखान्याने हीच पळवाट वापरली होती, आणि ती सुद्धा एकट्या बाळूसाठी.

त्याचा उपयोग झाला नाही. बाळूने त्या टणक पिचवर सात विकेट घेतल्या आणि हिंदूंनी मॅच जिंकली.

या विजयांनंतर पुण्यात बाळूचं कौतुक सुरू झालं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्याचा सत्कार केला आणि टीममधल्या सवर्ण खेळाडूंना खडे बोलही सुनावले. ज्याच्यासोबत खेळायला चालतं, त्याच्यासोबत बसून जेवायला का चालू नये, असा त्यांचा सवाल होता. लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत बाळूला हार घातला. रानडे आणि टिळक यांचं सामाजिक प्रश्नांवर क्वचितच एकमत व्हायचं. एका स्पिनरच्या बाबतीत ते झालं.

मुंबई आणि १९०६ ची मॅच

प्लेगच्या साथीच्या दिवसांत बाळू पुणे सोडून मुंबईला आले. तिथे त्यांना बीबीसीआय रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळायची संधीही. इथेही काही मेंबरांनी हरकत घेतली. पण जिमखान्याचे कॅप्टन कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू टीममध्ये आले. शिवरामही मुंबईत येऊन खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन अशी मॅच झाली. याआधी युरोपियन टीम फक्त पारशांशी खेळायची. हिंदूंना ही संधी पहिल्यांदाच मिळाली होती. हिंदूंनी २४२ आणि १६० रन केले. युरोपियन टीम १९१ आणि १०२ मध्ये आटोपली. हिंदू १०९ रननी जिंकले. बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ विकेट घेतल्या.

वंगभंगाच्या विरोधात स्वदेशीची चळवळ सुरू असलेला तो काळ. साहेबांच्याच मैदानावर, साहेबांच्याच खेळात मिळालेला विजय देशभर गाजला. सुधारकी वर्तमानपत्रांनी आणखी एक गोष्ट टिपली. पुण्यात ज्याला चहा पॅव्हेलियनबाहेर मिळत होता, त्याच्यासोबत मुंबईत टीमचे खेळाडू आता एकत्र जेवत होते. दहा-बारा वर्षांत एवढा फरक पडला होता आणि तो पाडण्यात बाळूंच्या विकेटचा वाटा मोठा होता.

इंग्लंडमध्ये ११४ विकेट

१९११ मध्ये पहिल्यांदाच सगळ्या धर्मांचे खेळाडू असलेली भारतीय टीम इंग्लंडच्या दौऱ्यावर गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग. वय वीसच्या आसपास, क्रिकेटचा शौक मोठा आणि तिजोरी त्याहून मोठी. पण इंग्लंडला पोचल्यावर महाराजांचा बराच वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला. ते मोजक्याच मॅच खेळले.

टीमची कामगिरी खराब झाली. २३ पैकी १५ मॅच हरल्या. या पडझडीत एकटे बाळू उठून दिसले. वय ३५, खांद्याचं दुखणं, परका देश आणि रोजची लांबलचक बॉलिंग. तरी दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट घेतल्या. त्यातल्या ७५ विकेट फर्स्ट क्लास मॅचमधल्या होत्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ रन देऊन आठ विकेट, तर लीस्टरशायरविरुद्ध मॅचमध्ये अकरा विकेट. लीस्टरशायरविरुद्धची ती मॅच भारतीय टीमने जिंकली. पुढे सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ रन केले आणि तीही मॅच हातात आली.

बाळू मुंबईत परतले तेव्हा दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकणारे भीमराव आंबेडकर तेव्हा वीस वर्षांचे होते. आपल्यातला एक माणूस जगाच्या मैदानावर सर्वोत्तम ठरतो, ही गोष्ट त्या पिढीसाठी साधी नव्हती. आंबेडकरांनाही बाळूंचं मोठं अप्रूप होतं.

मग कॅप्टन का नाही?

१९१२ पासून मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार टीमची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. देशातली ही सगळ्यात मोठी क्रिकेट स्पर्धा. हिंदू टीममध्ये बाळू सगळ्यात अनुभवी होते, सगळ्यात मोठं नाव त्यांचं होतं, इंग्लंडमध्ये सर्वाधिक विकेट त्यांच्या होत्या. अनुभव आणि कामगिरी हे दोनच निकष लावले तर कॅप्टन म्हणून दुसरं नाव पुढे येण्याचं कारण नव्हतं.

पण दर वर्षी दुसरंच नाव यायचं. अनेकदा ते नाव एम. डी. पै यांचं असायचं. पै ब्राह्मण होते आणि चांगले बॅट्समनही होते.

कमिटीने यात कोणताही नियम मोडला नव्हता. कॅप्टन निवडण्याचा अधिकार तिचा होता आणि निर्णयाची कारणं देण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. जात हे कारण आहे असं कमिटीने कुठे लिहून ठेवायची गरजच नव्हती. दर वर्षी फक्त दुसरं नाव पुढे करायचं आणि त्या वेळी काहीतरी सोयीचं कारण असायचंच. एका वर्षाची निवड बघितली तर त्यात वावगं काही दिसणार नाही. दहा वर्षांच्या निवडी एकत्र ठेवल्या की मगच ते दिसतं.

हे फक्त भारतात घडत होतं असंही नाही. वेस्ट इंडिजने पहिली टेस्ट १९२८ मध्ये खेळली. टीममधले बहुतेक स्टार कृष्णवर्णीय होते. पण संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कॅप्टन मिळायला १९६० साल उजाडलं, तेव्हा फ्रँक वॉरेल यांच्याकडे टीम आली. इंग्लंडने विसाव्या शतकात पहिला प्रोफेशनल कॅप्टन नेमला १९५२ मध्ये, लेन हटन. तिथेही अशी बंदी नियमात कुठेच नव्हती.

या सगळ्यात खुद्द पै यांची भूमिका वेगळी होती. त्यांच्या एका सत्कारात त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की या मानाचे खरे हक्कदार बाळू आहेत, कारण ते टीममधले ज्येष्ठ आणि अनुभवी खेळाडू आहेत. ज्याला पद मिळालं तोच म्हणत होता की ते दुसऱ्याचं आहे. कमिटीवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० चा बहिष्कार

डिसेंबर १९२० मध्ये हे प्रकरण पेटलं. चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या मॅचला पै आजारी होते. आता तरी कॅप्टनपद पालवणकर घराण्यात येईल असं अनेकांना वाटत होतं. बाळू ४४ वर्षांचे झाले होते, पण विठ्ठल तेव्हा देशातल्या आघाडीच्या बॅट्समनपैकी एक होते.

कमिटीने बाळूंना टीममधूनच वगळलं आणि कॅप्टन केलं दिनकर बळवंत देवधर यांना. देवधर पुण्याचे, पुढे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून देणारे मोठे खेळाडू. त्यांच्या गुणवत्तेबद्दल वाद नव्हता. पण त्या वेळी ते अनुभवाने विठ्ठल आणि शिवराम यांच्यापेक्षा बरेच ज्युनियर होते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. त्यांनी वर्तमानपत्रांतून आपली बाजूही मांडली. आम्हाला पदाची हाव नाही, पण फक्त जातीमुळे ज्युनियर खेळाडूच्या हाताखाली खेळायला लावणं हा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे पाऊल किती धाडसाचं होतं हे लक्षात घ्या. त्या काळी खेळाडूंची संघटना नव्हती, करार नव्हते. कमिटीला नाही म्हणणारा खेळाडू कायमचा बाहेर बसू शकत होता. पण वेळही तशीच होती. असहकाराची चळवळ सुरू झाली होती आणि त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता नष्ट करण्याची भाषा होत होती. दोन भावांच्या निर्णयाला लोकांचा पाठिंबा मिळाला.

कमिटीला दोन पावलं मागे यावं लागलं. पुढच्या मॅचला पै बरे होऊन कॅप्टन म्हणून परतले. तिन्ही भाऊ टीममध्ये आले. आणि बाळूंना व्हाइस कॅप्टन करण्यात आलं.

पै मैदानाबाहेर गेले

आता इथे क्रिकेटमधली एक पद्धत समजून घ्यायला हवी. मॅच सुरू असताना कॅप्टन काही कारणाने मैदानाबाहेर गेला, तर टीमची सूत्रं व्हाइस कॅप्टनकडे जातात. फील्डिंग कुठे लावायची, बॉल कोणाला द्यायचा, हे निर्णय तो घेतो. त्यासाठी कमिटीची परवानगी लागत नाही.

त्या मॅचमध्ये पै काही वेळासाठी मुद्दाम मैदानाबाहेर गेले. उद्देश हाच की बाळूंनी टीमचं नेतृत्व करावं.

मुंबईच्या भरलेल्या मैदानावर, हजारो लोकांसमोर, एका दलित खेळाडूच्या इशाऱ्यावर हिंदू टीम हलत होती. त्यात वेगवेगळ्या जातींचे खेळाडू होते आणि बाळू सांगतील तिथे ते उभे राहत होते. स्कोअरबुकात या घटनेची नोंद होण्याचं कारण नाही, कारण त्यातही कॅप्टन म्हणून पै यांचंच नाव राहतं.

म्हणजे साताऱ्याच्या जिमखान्याने रोलरचा नियम जिथे गप्प होता तिथे फायदा घेतला. कमिटीने निवडीचा नियम गप्प होता त्याचा फायदा घेतला. पै यांनीही पळवाटच काढली. फरक एवढाच की पहिल्या दोघांनी ती बाळूंना अडवायला वापरली आणि पै यांनी त्यांचा हक्क थोडा वेळ तरी त्यांच्याकडे पोचवायला.

बाळूंना खेळाडू म्हणून मिळालेलं नेतृत्व तेवढंच. लवकरच त्यांचं मोठं क्रिकेट थांबलं. ३३ फर्स्ट क्लास मॅच आणि १७९ विकेट, सरासरी १५.२१. म्हणजे एका विकेटमागे त्यांनी सरासरी पंधरा रन दिले. आजच्या कोणत्याही स्पिनरला हेवा वाटेल असा हा आकडा आहे.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू टीमचे कॅप्टन झाले. त्या वर्षी फायनलमध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतलं. मोठ्या भावाला जे नाकारलं गेलं, ते धाकट्याला मिळालं. आणि ते मिळाल्यावर टीम जिंकलीही. विठ्ठल यांनी पुढे माझे क्रीडा-जीवन या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिलं. चार भावांच्या या प्रवासाबद्दल आज जे काही माहीत आहे, त्यातलं बरंच त्या पुस्तकामुळे.

मैदानाबाहेरचा सामना

क्रिकेट संपल्यावर बाळू राजकारणात आले. इथे त्यांची वाट आंबेडकरांपेक्षा वेगळी झाली. आंबेडकरांनी दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी लावून धरली होती. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. त्याविरोधात २० सप्टेंबरला गांधीजींनी पुण्यात येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केलं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यानुसार दलितांना संयुक्त मतदारसंघांमध्येच राखीव जागा मिळाल्या. त्या करारावर सही करणाऱ्यांमध्ये बाळूंचंही नाव आहे. ज्या शहरात त्यांनी चार रुपये पगारावर रोलर फिरवला होता, त्याच शहराच्या नावाने हा करार ओळखला जातो.

१९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरोधात बाळूंना उभं केलं. काँग्रेसचा हिशोब सरळ होता, आंबेडकरांसमोर उभं राहू शकेल असं दलित समाजातलं दुसरं सर्वपरिचित नाव म्हणजे बाळू. निकालात आंबेडकरांना १३,२४५ मतं मिळाली आणि बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. आंबेडकर जिंकले.

या निवडणुकीमुळे बाळूंची आठवण पुसट झाली असं म्हणता येईल. दलित चळवळीच्या इतिहासात ते आंबेडकरांच्या विरोधातला उमेदवार म्हणून उरले. क्रिकेटच्या इतिहासात भारताची पहिली टेस्ट १९३२ ची, त्यामुळे त्याआधी खेळलेले बाळू आकडेवारीच्या बाहेर राहिले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आज ही गोष्ट का सांगायची?

शाळेची टीम असो, सोसायटीची असो की जिल्ह्याची, कॅप्टन कोण होणार हे आजही नियमाने ठरत नाही. कोणाला आधी बॅटिंग मिळणार, पेनल्टी कोण मारणार, राखीव खेळाडूंमध्ये कायम कोण बसणार, हेही कुठे लिहिलेलं नसतं. हे निर्णय प्रशिक्षक, कमिटी आणि कधीकधी मोठ्या आवाजाचे पालक घेतात. त्यामुळे एखादी टीम नियमाने खेळते का, एवढंच विचारून भागत नाही. जिथे नियम काहीच सांगत नाही तिथे ती टीम कशी वागते, हे बघावं लागतं.

पूना क्लबच्या नेटमध्ये बाळूंना बॅट द्यायला कोणत्याही नियमाने अडवलं नव्हतं. ती कोणी दिली नाही, एवढंच.